गाळ्यातलं रसायन बोअरच्या पाण्यात जाऊ नये म्हणून: लहान औद्योगिक शेडसाठी कामाची पद्धत

क्रोम प्लेटिंगच्या टाकीत साधारणपणे लिटरमागे 250 ग्रॅम क्रोमिक आम्ल असतं, म्हणजे सुमारे 130 ग्रॅम हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) एका लिटरमध्ये 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम चालत नाही. हिशेब मांडला तर टाकीतलं एक लिटर द्रावण 26 लाख लिटर पाणी पिण्यास अयोग्य करू शकतं. दहा हजार लिटरचे 260 टँकर! आणि हे एक लिटर सांडायला अपघातच व्हावा लागतो असं नाही. ओला जॉब (मुलामा द्यायची वस्तू) टाकीवरून धुण्याच्या टाकीकडे नेताना रोज थोडे थेंब पडतात आणि फरशीच्या भेगेत जातात. महिन्याभरात त्यांचंच एक लिटर होतं.

हा लेख दहा-वीस गाळ्यांच्या शेडसाठी आहे. त्यात फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग, प्लेटिंग, मशीन शॉप, छपाई, गॅरेज, रंगाचं मिश्रण असे उद्योग शेजारी शेजारी चालतात. मोठ्या कारखान्याकडे पर्यावरण विभाग असतो. इथे मालक, सुपरवायझर आणि हेल्पर मिळूनच सगळं सांभाळतात, म्हणून बहुतेक उपाय बांधकामातच बसवून टाकावे लागतात. रोज कुणीतरी आठवणीने करेल या भरवशावर सोडलेला उपाय फार दिवस टिकत नाही.

आधी जमीन समजून घ्या

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा. वर थोडी माती, खाली मुरूम, मग झिजलेला खडक आणि त्याखाली घट्ट कातळ. अखंड कातळातून पाणी जवळपास जात नाही. ते सांध्यांतून, भेगांतून आणि दोन लाव्हा थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यांतून वाहतं. वाळूच्या जमिनीत पाणी कणाकणांतून गाळत जातं, तशी गाळणी इथे मिळत नाही. भेगेत शिरलेलं द्रावण पाण्याच्या वेगानेच पुढे सरकतं आणि भेग नेईल तिकडे जातं. कोकणात आणि गोव्यात, उदाहरणार्थ वेर्ण्याच्या पठारावर, जांभा आहे. जांभ्याची छिद्रं आणि पोकळ्या पाहिल्या की पावसाचं पाणी किती चटकन खाली उतरत असेल ते कळतं. काळी चिकणमाती ओली असताना बऱ्यापैकी अडवते, पण एप्रिल-मेमध्ये ती हातभर फाटते. पहिल्या वळवाचं पाणी, आणि अंगणात जे काही सांडलंय ते, त्या भेगांतून थेट मुरमापर्यंत पोचतं.

काम सुरू करण्यापूर्वी अर्धा किलोमीटर परिसरातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर एका नकाशावर मांडा. पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते समजायला किमान तीन विहिरी लागतात. प्रत्येक विहिरीच्या काठाची पातळी सर्व्हेअरकडून काढून घ्या, मग काठापासून पाण्यापर्यंतची खोली टेपने मोजून ती वजा करा. समजा, काठ 100.00, 99.20 आणि 98.50 मीटरवर आहेत आणि पाणी 8.1, 8.6 आणि 9.4 मीटर खोल आहे. पाण्याची पातळी निघते 91.9, 90.6 आणि 89.1. म्हणजे ओघ तिसऱ्या विहिरीकडे आहे. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे काठाची पातळी न काढता नुसत्या खोल्यांची तुलना करणं. जमीन उताराची असेल तर उत्तर साफ उलटं येऊ शकतं. मोजणी मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये, दोन्ही वेळा करा. जवळपास पंप चालू असतील तर काही तास बंद ठेवून मग मोजा. कातळात भेगा ओघाच्या दिशेनेच असतील असंही नाही, त्यामुळे उताराकडच्या एकाच विहिरीवर भिस्त ठेवू नका.

रसायनांची यादी, पण वागणुकीनुसार

दुकानातून आलेल्या प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. त्यातला सहावा भाग सांडल्यावर काय करायचं ते सांगतो, नववा भाग घनता आणि पाण्यातली विद्राव्यता. या दोन आकड्यांवरून तीन गट पाडा.

तरंगणारी: डिझेल, थिनर, हायड्रॉलिक ऑईल. ही पाण्याच्या पातळीवर पसरतात आणि विहिरीत तवंग दिसतो, निदान कळतं तरी. विरघळणारी: आम्लं, क्रोमियम, निकेलचे क्षार, कूलंट (धातू कापताना मशीनवर सोडतात ते थंडावणारं द्रव). ही पाण्याबरोबर निमूट जातात. हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा पिवळा रंग दिसू लागेपर्यंत प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. बुडणारी: डीग्रीझिंगला (धातूवरचं तेल-ग्रीस काढायला) वापरतात ते ट्रायक्लोरोएथिलीन आणि त्याच्या जातीतली द्रावणं. ट्रायक्लोरोएथिलीनची घनता 1.46 (पाण्याची 1), म्हणजे ते पाण्यातून खाली उतरत राहतं, तळाच्या कातळाच्या खळग्यांत साचतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळतं. ते उपसून काढणं जवळपास अशक्य. पाण्यावर आधारित अल्कलाइन डीग्रीझरने काम भागत असेल तर हा एकच बदल बाकीच्या अर्ध्या उपायांइतका मोलाचा आहे.

फरशी

गाळ्याच्या फरशीला लोक हिशेबात धरत नाहीत. तीच खरी पहिली भिंत असते.

रसायनं साठवायच्या आणि वापरायच्या जागी मुरूम 150 मिलिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबा, वर 100 मिलिमीटर पीसीसी (बिनसळ्यांचं काँक्रीट), मग 250 मायक्रॉनचा पॉलिथिन कागद (जोडांवर किमान 300 मिलिमीटर चढवलेला), आणि वर 150 मिलिमीटर जाडीचं एम-30 दर्जाचं आरसीसी (सळ्या घातलेलं काँक्रीट). टाकी जमिनीखाली खड्ड्यात बसवायची असेल तर पॉलिथिनवर विसंबू नका. तिथे दीड मिलिमीटर एचडीपीईची (चिवट प्लास्टिकची) वेल्ड केलेली शीट टाका. त्याहून चांगलं म्हणजे टाकी जमिनीखाली घेऊच नका. वर स्टँडवर ठेवलेल्या टाकीची गळती दिसते, गाडलेल्या टाकीची गळती शेजारच्या बोअरमध्ये दिसते.

फरशी गळते ती सांध्यांतून. प्रत्येक कन्स्ट्रक्शन जॉइंटमध्ये (काँक्रीटच्या दोन ओतणींमधल्या सांध्यात) पीव्हीसी वॉटरस्टॉप, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, हवा आणि वर पॉलीसल्फाइड सीलंट. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात 50 मिलिमीटरचा गोलवा द्या, नाहीतर कोटिंग तिथेच तडकतं. फरशीला 1:100 उतार एका 45 सेंटिमीटर चौरस, तेवढ्याच खोल संपकडे (सांडलेलं जमा होणाऱ्या खड्ड्याकडे) द्या. या संपला बाहेर जाणारा पाईप नको. भरला की पंपाने उपसायचा. पाईप ठेवला की कुणीतरी तो गटाराला जोडतोच.

इपॉक्सी कोटिंग 2 ते 3 मिलिमीटर, पण काँक्रीटला 28 दिवस झाल्याशिवाय लावू नका. त्या आधी एक सोपी तपासणी: 45 सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि 16 तासांनी उघडा. आतून दव जमलं किंवा काँक्रीट काळपटलं तर ओल आहे, थांबा. ओल्या काँक्रीटवर लावलेलं इपॉक्सी फुगतं आणि पापडासारखं उचलतं. त्याखाली काय मुरतंय ते मग कुणाला दिसत नाही. क्रोमिक किंवा नायट्रिक आम्लापुढे साधं इपॉक्सी टिकत नाही. प्लेटिंग टाक्यांखाली पीव्हीसी किंवा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) वेल्ड केलेला ट्रे ठेवा आणि टाकी-ते-टाकी जागेवर निथळपट्टी बसवा, म्हणजे जॉबवरचे थेंब परत टाकीत जातील.

डाईकचं गणित

डाईक म्हणजे सांडलेलं अडवायला साठ्याभोवती बांधलेली भिंत. तिने दोन आकड्यांपैकी मोठा पेलला पाहिजे: सर्वांत मोठ्या भांड्याच्या 110 टक्के, किंवा एकूण साठ्याच्या 25 टक्के.

200 लिटरचे 12 बॅरल घ्या. एकूण 2400 लिटर. त्याचे 25 टक्के म्हणजे 600 लिटर. एका बॅरलचे 110 टक्के 220 लिटर. म्हणून 600 धरायचे. जागा 4 बाय 3 मीटर, भिंत 15 सेंटिमीटर, तर आत 1800 लिटर मावतं. बॅरल जमिनीवरच उभे असतील तर त्यांनी अडवलेली जागा, सुमारे 480 लिटर, वजा करा. उरले 1320. दुप्पट आहे, पुरेसं आहे. भिंत एवढीच ठेंगणी ठेवली तर हँड पॅलेट ट्रकला छोट्या रॅम्पवरून आत जाता येतं आणि माणसं वैतागून भिंत फोडत नाहीत. उंच डाईक फोडून केलेला रस्ता हा या कामातला हमखास दोष आहे.

1000 लिटरच्या आयबीसी टँकला (पॅलेटवरच्या चौकोनी प्लास्टिक टाकीला) नुसतं आकारमान पुरत नाही. टँकला बाजूला भोक पडलं तर धार उडून भिंतीबाहेर पडते. धार जास्तीत जास्त किती लांब जाईल? द्रवाचा वरचा पृष्ठभाग आणि भिंतीचा माथा यांतल्या उंचीइतकी. पॅलेट धरून द्रव जमिनीपासून 1.15 मीटरवर असेल आणि भिंत 25 सेंटिमीटर, तर टँक आणि भिंत यांत 90 सेंटिमीटर अंतर हवं. म्हणजे 1 बाय 1.2 मीटरच्या टँकसाठी डाईक 2.8 बाय 3 मीटरचा. त्यात 2100 लिटर मावतं, गरज 1100 ची आहे. आम्ल आणि अल्कली, किंवा आम्ल आणि सायनाइड, एकाच डाईकमध्ये कधीही नको. सायनाइडवर आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. तो प्रश्न भूजलाचा राहत नाही, जिवाचा होतो.

डाईक बांधून झाला की पाणी भरून 48 तास ठेवा आणि पातळीवर खडूने खूण करा. शेजारी तशीच पाणी भरलेली बादली ठेवा, तिच्यावरही खूण. दोन्हीकडे सारखं उतरलं तर ते बाष्पीभवन. डाईकमध्ये जास्त उतरलं तर गळती. ही चाचणी दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी. आणि डाईकवर छप्पर हवंच. 20 चौरस मीटरच्या उघड्या डाईकमध्ये 100 मिलिमीटर पावसाने 2000 लिटर पाणी साचतं. ते सोडायला कुणीतरी व्हॉल्व्ह उघडतं, बंद करायचं राहतं, आणि पुढच्या सांडण्याच्या वेळी डाईक आहे पण तळ नाही अशी गत होते.

गटारं वेगळी करा, आणि तपासून पाहा

तीन पाणी, तीन वाटा. छपराचं पाणी, अंगणाचं पाणी आणि कामाचं पाणी. कामाचं पाणी बंद पाईपने ईटीपीकडे (स्वतःच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेकडे) किंवा सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडे. अंगणाचं पाणी, विशेषतः टेम्पो उभा राहून बॅरल उतरवतो तिथलं, तेल वेगळं करणाऱ्या चेंबरमधून आणि बंद करता येईल अशा गेटमधून जाऊ द्या. उतरवण्याची जागा थोडी खोलगट करून सिमेंट करा.

सगळ्यात घातक, आणि तरीही सर्रास सापडणारी, गोष्ट म्हणजे शॉपमधला हात धुण्याचा सिंक. तो संडासाच्या सेप्टिक टँकला जोडलेला असतो, सेप्टिक टँक शोषखड्ड्याला. त्याच सिंकमध्ये ब्रश, रंगाचे डबे, तेलकट पार्ट धुतले जातात. मग मातीला वळसा घालून रसायन सरळ मुरमात. नकाशावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक सिंकमध्ये आणि गाळ्यातल्या प्रत्येक जाळीत बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग घालून ओता, आणि चेंबरची झाकणं उघडून रंग कुठे निघतो ते बघा. प्रत्येक ओतणीला वेगळा रंग. एका गाळ्याला अर्धा तास लागतो. शोषखड्ड्यात कामाचं पाणी सापडलं तर ती जोडणी त्याच दिवशी तोडून प्लग करा.

रेनवॉटर हार्वेस्टिंगबद्दल स्पष्ट बोलायला हवं. औद्योगिक प्लॉटवर पुनर्भरण बोअर (पावसाचं पाणी जमिनीत सोडणारा बोअर) घेणं पुण्याचं काम वाटतं, पण अंगणाचं पाणी त्यात सोडलं तर तेल आणि धातू थेट जलधरात (पाणी साठवणाऱ्या खडकात) ओतण्याची ती नळी होते. छपरावरही प्लेटिंग किंवा रंगाच्या एक्झॉस्टची धूळ बसते. रसायनं, रंग, कीटकनाशकं अशा प्रदूषणाची शक्यता असलेल्या उद्योगांनी पावसाचं पाणी जमिनीवरच्या टाकीत साठवून वापरावं, अशीच केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांची दिशा आहे. तीच पाळा.

बोअर: आपला आणि जुना

वापरातल्या बोअरचा केसिंग पाईप (बोअरच्या वरच्या भागाला आधार देणारा) मुरूम आणि झिजलेला खडक पार करून घट्ट कातळात बसलेला असला पाहिजे. पाईप आणि खड्ड्याच्या भिंतीमधली पोकळी सिमेंट ग्राउटने (सिमेंट-पाण्याच्या पातळ मिश्रणाने) भरलेली हवी (50 किलोच्या गोणीला सुमारे 25 लिटर पाणी). नुसती माती लोटली तर वरचं पाणी पाईपच्या कडेने खाली जातं. केसिंगचं तोंड जमिनीपासून किमान 30 सेंटिमीटर वर, भोवती बाहेर उताराचा ओटा, आणि स्क्रूचं झाकण.

कोरडा पडलेला बोअर त्याहून धोक्याचा. दगड ठेवून झाकतात, मग त्यात कूलंट जातं, जुनं ऑईल जातं. दिसेनासं होतं म्हणून बरं वाटतं. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा 1974 च्या कलम 24 नुसार विहिरीत किंवा जमिनीवर असा विषारी माल सोडायला मनाई आहे. असा बोअर खालून वर स्वच्छ वाळू आणि खडीने भरा आणि वरचे 3 मीटर सिमेंट ग्राउटने बंद करा. भरण्याआधी पाण्याचा नमुना घ्या, नंतर तो मिळणार नाही.

रोजचं काम

बॅरल बाहेर उभा ठेवला तर झाकणावर पावसाचं तळं साचतं. दुपारी आतली हवा फुगते, रात्री आकसते, आणि बुचातून ते पाणी आत ओढलं जातं. माल खराब होतो, बॅरल वरून गंजतो. छप्पर नसेलच तर बॅरल आडवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी. रिकामा बॅरलही रिकामा धरू नका. तळाशी राहिलेले दोन-तीन लिटर पुरेसे असतात. रसायनाचे दूषित बॅरल हा स्वतःच घातक कचरा आहे, भंगारवाल्याला देऊन टाकायची वस्तू नाही.

नळ लावून गुरुत्वाकर्षणाने माल काढू नका, बॅरल पंप वापरा. उघडा राहिलेला नळ रात्रभरात 200 लिटर सांडतो.

घातक कचरा लेबल लावून (नमुना 8, म्हणजे सरकारी फॉर्म 8) छपराखाली, डाईकमध्ये, आणि घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार 90 दिवसांपेक्षा जास्त नाही. बाहेर पाठवताना नमुना 10 चं मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा वाहतुकीचा कागद), वर्षाचं विवरण नमुना 4 मध्ये 30 जूनपर्यंत. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अधिकृत विल्हेवाट केंद्रं आहेत. प्लेटिंगचा स्लज (टाकीतला गाळ) प्लॉटच्या कोपऱ्यात वाळत घालण्याची पद्धत मात्र आजच बंद करा. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिडच्या (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनाच्या) कारखान्यांचा गाळ उघड्यावर पडून राहिला, पावसाबरोबर मुरला आणि विहिरींचं पाणी वापराबाहेर गेलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यांवरच टाकला.

गाळा भाड्याने देत असाल तर भाडेकरारात चार अटी घाला: फरशीला ड्रिल नको, नवी गटार जोडणी लेखी परवानगीशिवाय नको, रसायनांची यादी दर वर्षी, आणि गाळा सोडताना फरशीची पाणी-चाचणी.

सांडलं तर

पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. क्रम असा: स्वतःचे हातमोजे-चष्मा, गळती बंद (बॅरल भोक वर येईल असा फिरवा), अंगणाचं गेट बंद, भोवती वाळूचा बांध, मग शोषण. पाण्याने धुवायचं नाही. धुतलं की दहा लिटरचं काम हजार लिटरचं होतं आणि गटारात जातं. क्रोमिक, नायट्रिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साईडवर लाकडाचा भुसा टाकू नका, आग लागू शकते. कोरडी वाळू वापरा. प्रत्येक गाळ्याबाहेर वाळूच्या चार गोण्या, एक रिकामा झाकणाचा बॅरल, प्लास्टिकचं फावडं आणि जाळीवर टाकायची रबरी चटई ठेवा.

कच्च्या जमिनीवर सांडलं असेल तर पाऊस येण्याआधी माती उकरून काढा, रंग आणि वास संपेपर्यंत आणि पुढे आणखी 15 सेंटिमीटर. ती माती ताडपत्रीवर ठेवून वरून झाका. ती आता घातक कचरा आहे.

पाणी तपासत राहा

कामकाज सुरू होण्याआधीचा नमुना सगळ्यात मौल्यवान, कारण पुढे तुलना त्याच्याशीच होते. नंतर मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओघाच्या वरच्या बाजूची एक विहीर आणि खालच्या बाजूच्या दोन. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी आधी उपसा: साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे 21 लिटर असतं. 40 मीटर पाणी असेल तर 850 लिटर, त्याच्या तिप्पट म्हणजे सुमारे 2500 लिटर काढून मग नमुना घ्या. हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत आम्ल घालायचं नाही, 4 अंशांवर ठेवून 24 तासांत प्रयोगशाळेत. बाकी धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल. ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या द्रावणांसाठी 40 मिलिलिटरची काचेची कुपी, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भरलेली. बुडबुड्यात वाफ जाते आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो.

आकडा वाढलेला दिसला तर पहिल्यांदा त्या पाण्याचं पिणं थांबवा, शेजाऱ्यांसकट. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. घाईने बोअर जोरात उपसायला घेऊ नका. चुकीच्या बोअरचा पंप दूषित पाणी स्वच्छ विहिरीकडे ओढून आणतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतला किंवा खाजगी भूजलतज्ज्ञ आणून कुठला बोअर, किती वेळ आणि उपसलेलं पाणी कुठे घ्यायचं हे ठरल्यावरच पंप सुरू करा.